समीकरणं सोडवली, पण उत्तर विचित्र आलं : रिक्षा, मोटारसायकल आणि फोर्कलिफ्टच्या निमित्ताने

एकसामयिक रेषीय समीकरणं कशी सोडवायची हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. दहावीच्या बालभारतीच्या गणित भाग १ मध्ये पहिलंच प्रकरण ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ हे आहे. त्यात आलेख आहे, निश्चयक आहे, क्रेमरची पद्धत आहे. त्यामुळे रीत आज परत शिकवायची नाही. आज प्रश्न वेगळा आहे. सगळं बरोबर करूनही उत्तर विचित्र आलं, तर काय समजायचं? ‘० = ०’ आलं, ‘० = ७०’ आलं, किंवा वजनाचं उत्तर चक्क ऋण आलं, तर?

परीक्षेत असं झालं की आपण खोडरबर घेतो. कारखान्यात असं झालं की बहुतेक जण म्हणतात, ‘फॉर्म्युला चुकला, सोडा.’ आमचं म्हणणं असं, की सोडू नका. आकडेमोड एकदा तपासा, आणि ती बरोबर असेल तर ते विचित्र उत्तर नीट वाचा. सरळ उत्तरापेक्षा त्यात जास्त माहिती असते, आणि कधी कधी त्यावर कुणाचा जीव अवलंबून असतो.

उदाहरणं आपण पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यातलीच घेऊ. इथे वाहनं बनतात, यंत्रं बसवली जातात, गोदामात दिवसभर माल हलतो. या सगळ्यांना एक साधा प्रश्न लागू आहे : अमुक वजनाची वस्तू जमिनीवर उभी आहे, तर प्रत्येक चाकावर किंवा पायावर किती भार येतो? उदाहरणांतले आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून आम्ही धरलेले आहेत, ते कुठल्या विशिष्ट मॉडेलचे नाहीत. आणि भार आपण सरळ किलोतच मोजू.

तीन चाकं, तीन समीकरणं

सुरुवात रिक्षापासून. एके काळी आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून रिक्षा बाहेर पडायच्या, त्यामुळे या भागाला हे वाहन काही नवीन नाही.

समजा, प्रवाशांसकट रिक्षाचं वजन ६०० किलो आहे. पुढच्या चाकापासून मागच्या चाकांपर्यंत अंतर २ मीटर. मागच्या दोन चाकांमधलं अंतर १.२ मीटर. गुरुत्वमध्य पुढच्या चाकापासून १.४ मीटर मागे आहे, आणि प्रवासी एका बाजूला सरकून बसल्यामुळे मधल्या रेषेपासून ६ सेंटिमीटर उजवीकडे आहे. पुढच्या चाकावरचा भार ‘पु’, मागच्या डाव्यावरचा ‘डा’ आणि मागच्या उजव्यावरचा ‘उ’ म्हणू.

तीन गोष्टी माहीत आहेत. एक, सगळे भार मिळून एकूण वजन :
पु + डा + उ = ६००
दोन, पुढे-मागे तोल. पुढच्या चाकाभोवतीचा मोमेंट घेतला की :
२ × (डा + उ) = ६०० × १.४ = ८४०
तीन, डावा-उजवा तोल :
०.६ × (उ – डा) = ६०० × ०.०६ = ३६

दुसऱ्यावरून डा + उ = ४२०. तिसऱ्यावरून उ – डा = ६०. म्हणून उ = २४०, डा = १८०, आणि पहिल्यावरून पु = १८०. तीन अज्ञात, तीन समीकरणं, एकच उत्तर. यात विचित्र काहीच नाही.

आता याच तीन समीकरणांचा निश्चयक काढून बघा. तो २.४ येतो. ही संख्या आली कुठून? तीन चाकं जमिनीला जिथे टेकतात ते तीन बिंदू जोडले तर एक त्रिकोण होतो. पाया १.२ मीटर, उंची २ मीटर, क्षेत्रफळ १.२ चौरस मीटर. निश्चयक बरोबर त्याच्या दुप्पट! हा योगायोग नाही. तीन टेकूंवर उभ्या असलेल्या कुठल्याही वस्तूची समीकरणं अशी मांडली, तर निश्चयक टेकूंच्या त्रिकोणाच्या क्षेत्रफळाच्या दुप्पट येतो (चिन्ह फक्त क्रमावर अवलंबून). दहावीत आपण निश्चयक म्हणजे तिरका गुणाकार आणि वजाबाकी एवढंच शिकतो. इथे तो जमिनीवर खडूने काढून दाखवता येतो.

त्रिकोण मिटत गेला तर?

मागची दोन चाकं जवळ आणत जा. अंतर १.२ मीटरऐवजी फक्त १० सेंटिमीटर करा. पहिली दोन समीकरणं तीच राहतात. तिसरं होतं : ०.०५ × (उ – डा) = ३६, म्हणजे उ – डा = ७२०. त्यावरून उ = ५७०, आणि डा = –१५०. डाव्या चाकावर उणे दीडशे किलो! ऋण उत्तराकडे आपण थोड्या वेळाने येऊ. आधी दुसरी एक गोष्ट बघा. गुरुत्वमध्य मोजताना आपली फक्त १ सेंटिमीटरची चूक झाली असं धरा. रुंद रिक्षात त्यामुळे उ आणि डा यांच्यातला फरक १० किलोने बदलतो. अरुंद रिक्षात तोच फरक १२० किलोने बदलतो.

म्हणजे निश्चयक शून्याच्या जवळ आला की मोजमापातली बारीकशी चूक उत्तरात प्रचंड मोठी होते. समीकरणं सुटतात, उत्तरही मिळतं, संगणक तर दशांश चिन्हानंतर आठ आकडे देतो. पण त्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही. दोन आकडे जरासे बदलून परत सोडवून पाहा. उत्तर फार उड्या मारत असेल, तर दोष आकडेमोडीत नाही. आपण निवडलेली मोजमापंच जवळजवळ एकच गोष्ट दोनदा सांगत आहेत.

आता अंतर पूर्ण शून्य करा. मागची दोन चाकं एकच झाली. हे काय झालं? मोटारसायकल! चाकणला बजाजच्या कारखान्यात ज्या बनतात, त्या. त्रिकोण उरला नाही, रेष उरली, निश्चयक शून्य झाला. तिसरं समीकरण आता असं : ० × (उ – डा) = ३६, म्हणजे ० = ३६. विसंगत, उत्तर नाही. त्याचा अर्थ एवढाच, की गुरुत्वमध्य ६ सेंटिमीटर बाजूला असताना थांबलेली मोटारसायकल उभी राहूच शकत नाही. ती पडणार. समीकरणं अडली नाहीत, त्यांनी खरं तेच सांगितलं.

गुरुत्वमध्य नेमका मधल्या रेषेवर असेल, तर तेच समीकरण ० = ० होतं. तोल तत्त्वतः शक्य आहे, पण ‘उ’ आणि ‘डा’ वेगवेगळे विचारण्यात अर्थ नाही. दोन्ही मिळून मागचं एक चाक, एवढंच कळतं. मग आपण रोज काय करतो? साइड स्टँड लावतो. तो तिसरा टेकू आहे. तो लागला की रेषेचा परत त्रिकोण होतो आणि निश्चयक शून्य राहत नाही.

चौथं चाक आणि ० = ०

पुढे चारचाकी. गाडीचं वजन चालकासकट १२०० किलो, गुरुत्वमध्य बरोबर मध्यभागी. पुढचं डावं चाक क, पुढचं उजवं ख, मागचं डावं ग, मागचं उजवं घ. चार अज्ञात आहेत, तर चार समीकरणं लिहू :
क + ख = ६०० (पुढची दोन)
ग + घ = ६०० (मागची दोन)
क + ग = ६०० (डावी दोन)
ख + घ = ६०० (उजवी दोन)

चार अज्ञात, चार समीकरणं, झालं काम, असं वाटतं. पण सोडवायला घ्या. पहिल्या दोन्हींची बेरीज १२००, शेवटच्या दोन्हींची बेरीज १२००, आणि डाव्या बाजूला दोन्हीकडे तेच चार भार आहेत. वजाबाकी केली की ० = ०. चौथं समीकरण नवीन काही सांगतच नव्हतं. ते पहिल्या तिघांतूनच निघत होतं.

म्हणून उत्तरं अनंत आहेत. ती अशी लिहिता येतात : क = ३०० + त, ख = ३०० – त, ग = ३०० – त, घ = ३०० + त. ‘त’ कितीही घ्या, चारही समीकरणं जुळतात. ‘त’ म्हणजे काय ते बघा. एका कर्णावरच्या दोन चाकांवर भार वाढतो, दुसऱ्या कर्णावरच्या दोन चाकांवर तेवढाच कमी होतो. हॉटेलातलं चार पायांचं डुगडुगणारं टेबल आठवा. ते कर्णावरच डुगडुगतं. तो ‘त’ आपल्या हाताखाली हलत असतो.

कुणी विचारेल, गाडीला तर अनंत उत्तरं नसतात. ती उभी असते आणि प्रत्येक चाकावर काहीतरी एक ठरावीक भार असतोच. बरोबर आहे. तो भार ठरतो, पण तोलाच्या नियमांनी ठरत नाही. तो ठरतो स्प्रिंगांनी आणि जमिनीच्या उंचसखलपणाने. ‘० = ०’चा अर्थ ‘उत्तर नाही’ असा नव्हता. ‘तुम्ही विचारलेल्या नियमांत हे उत्तर नाही, आणखी एक गोष्ट मोजून आणा’ असा होता.

ती गोष्ट आणू. समजा, प्रत्येक चाकाची स्प्रिंग १ मिलिमीटर दबायला २ किलो लागतात. एका चाकाखाली २० मिलिमीटरचा उंचवटा आला. हिशेब केला तर ‘त’ येतो स्प्रिंगची ताकद गुणिले उंची भागिले ४, म्हणजे २ × २० ÷ ४ = १० किलो. तीनशेत दहा किलोचा फरक, कुणाला जाणवणारही नाही. स्प्रिंगा मऊ असल्यामुळे गाडी चार पायांवर सुखाने उभी राहते.

आता त्याच वजनाचं, १२०० किलोचं यंत्र चार लेव्हलिंग बोल्टवर बसवा. इथे स्प्रिंग नाही. समजा, प्रत्येक टेकू १ मिलिमीटर दबायला २००० किलो लागतात. एक बोल्ट ०.६ मिलिमीटर जास्त वर आला, तर ‘त’ = २००० × ०.६ ÷ ४ = ३००. म्हणजे ख आणि ग शून्य! दोन पाय नुसते टेकलेले, सगळं यंत्र एका कर्णावर. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या फरकाने एवढं होतं. यंत्र बसवताना जुना फिटर स्पिरिट लेव्हल ठेवून चारही बोल्ट पुन्हा पुन्हा थोडे थोडे फिरवत बसतो, तेव्हा तो हा ‘त’ शून्याकडे आणत असतो. आणि क्वालिटीच्या खोलीतली ग्रॅनाइटची सरफेस प्लेट तीन बिंदूंवर टेकवतात, ती याचसाठी. तीन टेकूंना ‘त’ नसतोच. जमीन थोडी हलली तरी भाराची वाटणी तीच राहते आणि प्लेट पिळली जात नाही.

० = ७० : ड्रायव्हर कुठे गेला?

आता विसंगत उत्तराचं दुसरं उदाहरण. मघाच्याच गाडीची दोन-दोन चाकं आपण वजनकाट्यावर मोजली. पुढची दोन ६००, मागची दोन ६००. मग डावी दोन ५८०, उजवी दोन ५५०. पहिल्या जोडीची बेरीज १२००, दुसऱ्या जोडीची ११३०. वजाबाकी केली की ० = ७०.

इथे दोन मार्ग आहेत. एक, लघुतम वर्गांची पद्धत. लजांद्रने ती १८०५ साली प्रसिद्ध केली, गाउसने १८०९ साली. ती म्हणते, ७० किलोंचा फरक चारही मोजमापांवर सारखा वाटा, प्रत्येकी साडेसतरा किलो. आकडे जुळतात, तक्ता सुंदर दिसतो. मोजमापात इकडेतिकडे बारीक चुका असतील, तर हीच पद्धत योग्य आहे.

दुसरा मार्ग आधी विचारायचा : हे ७० किलो कुणाचे? आकडा ओळखीचा वाटतो का? माणसाचं वजन! पहिली दोन मोजमापं ड्रायव्हर बसलेला असताना झाली, पुढची दोन तो चहाला उतरल्यावर. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. तो उतरल्यावर उजवी बाजू ५० किलोंनी हलकी झाली आणि डावी २० किलोंनी. सगळं जुळलं. आधीच साडेसतरा-साडेसतरा किलो वाटून टाकले असते, तर आकडे जुळले असते आणि चारही मोजमापं चुकीची झाली असती. म्हणून विसंगती आली की ती पुसायच्या आधी तिचा आकार बघायचा. तो पुष्कळदा कारणाकडे बोट दाखवतो.

उणे दीडशे किलो

राहिलं ऋण उत्तर. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ या ग्रंथात एका वर्गसमीकरणाची ५० आणि ५ अशी दोन उत्तरं काढली आणि दुसरं घेऊ नये असं म्हटलं, कारण त्यात ऋण संख्या येते आणि लोक ती मान्य करत नाहीत. यात एक गोष्ट लक्षात घ्या. उत्तर काढताना त्यांनी ते टाळलं नाही. काढलं, आणि मग या प्रश्नात त्याला अर्थ आहे का ते तपासलं. आपणही तेच करू.

फोर्कलिफ्ट घ्या. रिकाम्या गाडीचं वजन ३६०० किलो, गुरुत्वमध्य पुढच्या आसापासून १ मीटर मागे, दोन आसांमधलं अंतर १.६ मीटर. क्षमता अडीच टन. उचलायची आहे एक पेटी, वजन २४०० किलो, म्हणजे क्षमतेच्या आत. पेटी १ मीटर रुंद आणि २.२ मीटर लांब आहे. पुढच्या आसापासून फोर्कच्या उभ्या पाठीपर्यंत अर्धा मीटर अंतर धरू.

आधी पेटी लांब बाजूकडून उचलली. तिचा मध्य पाठीपासून अर्धा मीटर, म्हणजे आसापासून १ मीटर पुढे. पुढच्या आसावरचा भार पु, मागच्यावरचा मा :
पु + मा = ६०००
१.६ × मा = ३६०० × १ – २४०० × १ = १२००
मा = ७५०, पु = ५२५०. ठीक आहे.

आता जागा अडचणीची आहे म्हणून तीच पेटी टोकाकडून उचलली. मध्य पाठीपासून १.१ मीटर, आसापासून १.६ मीटर पुढे.
१.६ × मा = ३६०० – २४०० × १.६ = ३६०० – ३८४० = –२४०
मा = –१५०, पु = ६१५०.

मागच्या चाकांवर उणे १५० किलो. म्हणजे हा तोल राहायचा असेल, तर जमिनीने मागची चाकं १५० किलोच्या ताकदीने खाली ओढून धरली पाहिजेत. जमीन ढकलते, ती ओढत नाही. समीकरणं लिहिताना आपण न बोलता एक गृहीत धरलं होतं, की सगळी चाकं जमिनीवर आहेत. ऋण उत्तराने ते गृहीत मोडलं. आता या समीकरणांचा उपयोग संपला, कारण गाडी पुढे उलटायला लागली. पेटीचं वजन एका किलोनेही वाढलेलं नाही, ती फक्त फिरवली आहे. म्हणूनच फोर्कलिफ्टच्या पाटीवर वजनाबरोबर लोड सेंटरचं अंतरही लिहिलेलं असतं.

अशा वेळी कुणीतरी म्हणतं, ‘दोघं जण मागे उभे राहा रे.’ ते समीकरणात घालून बघू. दोघांचं वजन १४० किलो, पुढच्या आसापासून २ मीटर मागे. त्यांचा मोमेंट २८०. आधीची तूट २४०, उरले ४०. मा = ४० ÷ १.६ = २५. धन उत्तर! चाकं टेकली, सगळे खूश.

पण पंचवीसच किलो. आता गाडी चालू लागली आणि ब्रेक लावला. ब्रेकने भार पुढे सरकतो. सगळ्यांचा मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.७ मीटर उंच धरला, तर वेग सेकंदाला सुमारे ०.०९ मीटर प्रति सेकंद एवढा कमी होऊ लागला की ते ४० संपतात. म्हणजे माणसाच्या चालण्याच्या वेगाने जाणारी ही गाडी थांबायला निदान १५ सेकंद लागले पाहिजेत. इतक्या हळू कुणी ब्रेक लावत नाही. साधा ब्रेक लागला की मागची बाजू उचलली जाणार, तिथे उभे असलेले दोघं पडणार, आणि पेटीसमोर जो असेल त्याचं काय होईल ते सांगायला नको. उत्तर धन आहे एवढ्यावर थांबलो असतो, तर हे दिसलंच नसतं. किती धन आहे, आणि कशाने ऋण होईल, हेही विचारावं लागतं.

आणखी एक. फोर्कलिफ्टला साधारणपणे चार चाकं दिसतात, पण मागचा आस मध्यभागी एका पिनवर झुलता असतो. म्हणजे टेकू तीनच : पुढची दोन चाकं आणि मागची पिन. परत तोच त्रिकोण. चालकांच्या प्रशिक्षणात ‘स्टॅबिलिटी ट्रँगल’ म्हणतात तो हाच. एकूण गुरुत्वमध्य त्रिकोणाच्या आत असेल तर तिन्ही उत्तरं धन येतात, कडेवर आला की एक शून्य होतं, बाहेर गेला की एक ऋण होतं. बाहेर तो पुढेच जातो असं नाही. माल उंच उचलून वळण घेतलं की बाजूनेही जातो.

तेव्हा चार गोष्टी वहीत लिहून घ्या. ० = ० आलं, तर एखादं समीकरण नवीन काही सांगत नाही, आणखी काय मोजायचं ते शोधा. ० = ७० आलं, तर दोन मोजमापं एका परिस्थितीतली नाहीत किंवा गृहीत चुकलं आहे, फरक कुणाचा ते विचारा. उत्तर फार उड्या मारत असेल, तर त्रिकोण अरुंद आहे, मोजमापं बदला. आणि जिथे ऋण चालत नाही तिथे ऋण आलं, तर काम थांबवा.

घरी करायला एक उदाहरण : शेवटच्या फोर्कलिफ्टमध्ये तीच पेटी टोकाकडून उचलायची आणि मागच्या आसावर निदान ७५० किलो राहायला हवेत, तर पेटीचं वजन जास्तीत जास्त किती असावं? माणसं मागे उभी करायची नाहीत. उत्तर १५०० किलो यायला हवं. वेगळं आलं, तर ते का आलं याचा विचार करून ठेवा, पुढच्या वेळी तिथूनच सुरू करू.